यादीत नसलेला आजार

ज्योत्स्नाच्या नाकावरचा डाग सात महिन्यांच्या औषधानंतर दुप्पट झाला होता, आणि यंत्राचं म्हणणं असं होतं की ती गोळ्या खात नाही.

मोनालीने पडदा बोटाने पुसला. जणू पुसल्यावर दुसरं काही उमटणार होतं. पण तेच होतं: ‘प्रतिसाद अपुरा. कारण: औषध अनियमित.’ खाली तांबड्या चौकटीत सूचना होती, ‘रुग्णास समज द्यावी.’

“काय म्हणते तुझं मशीन?” ज्योत्स्नाने विचारलं. अंगणातल्या बाजेवर ती नाक वर करून बसली होती.

“म्हणते, गोळ्या चुकल्या.”

ज्योत्स्ना उठून आत गेली आणि पिठाचा रिकामा डबा घेऊन आली. तो तिने बाजेवर पालथा केला. गोळ्यांची सात महिन्यांची रिकामी पाकिटं चांदीसारखी चमकत पसरली.

“मोज,” ती म्हणाली. “आणि मोजून झाल्यावर सांग मले, मी खोटं बोलून राहिली का मशीन.”

मोनालीने मोजली नाहीत. मोजायची गरजच नव्हती. महिन्याचा मोठा डोस तिने स्वतःच्या हाताने ज्योत्स्नाला दिला होता, सातही वेळा. आणि बाकीच्या गोळ्यांचा पुरावा समोर बसला होता. त्यातल्या एका औषधाने कातडी काळपट पडते. सात महिन्यांत ज्योत्स्नाचे गाल, हात, मान जांभळासारखे झाले होते. पोटात न गेलेली गोळी माणसाला काळं करत नाही.

मोनाली आणि ज्योत्स्ना सख्ख्या जावा. मूल तालुक्यातल्या पिंपळझरीत मोहुर्ल्यांच्या एकाच घरात दोघींच्या दोन चुली. ज्योत्स्ना मोठी, पन्नाशीला आलेली, बावीस वर्षं गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करणारी. मोनाली धाकटी, आरोग्यसेविका. २०४१ साली तालुक्यात ते यंत्र आलं तेव्हा पहिलं प्रशिक्षण मोनालीने घेतलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

यंत्र तळहातात मावेल एवढं होतं. डागावर टेकवलं की ते कातडीत अवरक्त प्रकाश सोडी. तो प्रकाश दोनेक मिलिमीटर आत जाऊन परत येई, आणि त्यावरून आतल्या पेशींची रचना कळे. कापायचं नाही, टोचायचं नाही, महिनाभर अहवालाची वाट पाहायची नाही. कुष्ठरोगात कातडीखाली पेशींच्या बारीक गाठी होतात. या गाठी यंत्राला अचूक दिसत. पूर्वी जो रुग्ण बोटं वाकडी झाल्यावर सापडायचा, तो आता पहिल्या चट्ट्यालाच सापडू लागला. पहिल्याच वर्षी मोनालीने अकरा माणसं अशी वेळेत पकडली. त्या अकरा जणांच्या बोटांकडे पाहिलं की तिला बरं वाटायचं.

बाराव्या रुग्णाचा डाग तिच्या घरातच होता.

नाकाच्या शेंड्यावर जांभळट, चकचकीत सूज आली होती, आणि गालावर तशाच दोन गाठी. ज्योत्स्ना म्हणत होती, चुलीच्या धगीने असेल. मोनालीने यंत्र टेकवलं आणि तीस सेकंदांत उत्तर आलं. उत्तर आलं म्हणजे नोंद झालीच. नोंद झाली म्हणजे औषध सुरू, कार्डावर खूण, आणि पंचायतीच्या पडद्यावर ‘गावातील नवे रुग्ण: १’. नाव नव्हतं, पण पिंपळझरीत एक म्हटल्यावर नावाची गरज कोणाला होती?

कुष्ठरोग्याने स्वयंपाक करू नये असा नियम नव्हता. शाळेने कुठलाही कागद काढला नाही. फक्त चौथ्या दिवशी अर्ध्याहून जास्त पोरं घरून डबा घेऊन आली. आठव्या दिवशी खिचडीचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं. ज्योत्स्नाने ते दोन पिशव्यांत भरून गुरांना घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. मोनालीने शाळेत जाऊन भाषण दिलं, की पहिल्या डोसानंतर हा रोग पसरत नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मोनालीची चार वर्षांची इरा मोठ्या आईच्या मांडीवर झोपली होती. मोनाली दारातून आली, इराला उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन निजवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ज्योत्स्नाचे डोळे मिटलेलेच होते. त्यानंतर तिने आपलं ताट वेगळं केलं, पाण्याचा गडू वेगळा केला, आणि इरा जवळ आली की ती काहीतरी काम काढून उठू लागली.

पालथ्या डब्याच्या दुसऱ्या दिवशी मोनाली तालुक्याला पर्यवेक्षक बारसागडे यांच्याकडे गेली. बारसागडे वाईट माणूस नव्हता. तो फक्त पडद्याकडे पाहून बोलायचा.

“सर, ती औषध घेते. मी साक्षीदार आहे.”

“तसं नमूद करा.”

“कुठे करू? ‘औषध नियमित’ची चौकट बंद आहे.”

“ती यंत्र भरते. प्रतिसाद नसला की ते आपोआप ‘अनियमित’ होते.”

“मग तज्ज्ञांकडे पाठवा तिला.”

बारसागडेने दोनतीन कळा दाबल्या. “तज्ज्ञांकडे पाठवायला औषध नियमित असावं लागते.”

मोनालीने एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “म्हणजे औषध लागू पडत नाही म्हणून ती अनियमित, आणि अनियमित म्हणून औषध का लागू पडत नाही ते कोणी पाहायचं नाही.”

“तुम्ही असं म्हटलं की ते विचित्र वाटते,” बारसागडे म्हणाला.

“सर, तिचा रंग बघा. यंत्रानेच मोजला आहे, सात महिन्यांत किती काळी पडली ते. गोळ्यांशिवाय कशी पडेल?”

त्याने तो आकडा काढून पाहिला. बराच वेळ पाहिला. “बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. “पण हे भरायला रकाना नाही.”

त्याने एकच गोष्ट केली, आणि ती केली नसती तर बरं झालं असतं. नियमाप्रमाणे त्याने ज्योत्स्नाला ‘निगराणीखालील सेवन’ लावलं. रोज सकाळी नऊ वाजता फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, गोळी जिभेवर ठेवून दाखवायची, पाणी प्यायचं, तोंड उघडायचं, जीभ वर करायची. गोळी दिसली नाही की फोनमधला आवाज म्हणायचा, “धन्यवाद, आपण जबाबदार नागरिक आहात.” ज्योत्स्नाचा नवरा दिलीप त्या वेळी मुद्दाम विहिरीवर जायचा. बायकोला कोणी असं तोंड उघडायला लावतं, हे त्याला पाहवत नव्हतं, आणि थांबवताही येत नव्हतं.

एकोणीस दिवस तिने हे केलं. विसाव्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसल्यावर ती म्हणाली, “मोनाली, हा फोन धुरकट दिसून राहिला.”

फोन स्वच्छ होता. तिचा डावा डोळा लाल झाला होता आणि उजेड सहन होत नव्हता. मोनालीने कार्यक्रमाच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडून उत्तर मिळालं, की अनियमित औषधाने अशी गुंतागुंत होऊ शकते.

मोनालीने फोन ठेवला. दिलीपला म्हणाली, “भाऊजी, मी ताईला उद्या नागपूरला नेते.”

“तिकडे घेतील?”

“माहीत नाही.”

नाही घेतलं. नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर ज्योत्स्नाचं कार्ड टेकवलं आणि आतल्या कारकुनाने ते लगेच परत सरकवलं. “हे कुष्ठ कार्यक्रमात आहेत. आपल्या केंद्रावर जा.”

“केंद्रावरची सेविका मीच आहे,” मोनाली म्हणाली.

“मग तुम्हाला माहीतच असेल.”

“हिचा डोळा जाईल.”

“ताई, मी चिठ्ठी काढायला जातो तर यंत्र काढू देत नाही. हे पाहा.” त्याने खरंच पडदा वळवून दाखवला. त्याचाही आवाज दमलेला होता. दिवसात अशी पन्नास माणसं परत पाठवत असेल. मग तो जरा पुढे वाकला. “कार्ड नसलेल्या माणसाला मात्र आम्हाला घ्यावंच लागते. अनोळखी म्हणून.”

दोघी रांगेतून बाहेर आल्या. मोनालीने ज्योत्स्नाचं कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं, अर्धा तास थांबली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. खिडकीशी आल्यावर त्याच कारकुनाने चेहरा कोरा ठेवून विचारलं, “नाव?”

“माहीत नाही.”

“तुम्ही यांच्या कोण?”

ज्योत्स्ना शेजारीच उभी होती, पदराने डोळा झाकून.

“कोणी नाही,” मोनाली म्हणाली. “बसस्टँडवर भेटल्या.”

कारकुनाने लिहिलं: अनोळखी महिला, वय अंदाजे पन्नास, त्वचा विभाग.

दोघी बाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट पाहत बसल्या. ज्योत्स्ना समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “सोपं गेलं तुले.”

“ताई, त्याशिवाय घेतलं नसतं.”

“ते समजते मले. मी त्याचं नाही म्हणत.” ती थांबली. “तू इराले उचलून नेलं ना त्या दिवशी, मी जागी होती.”

गावोगावी मोनाली सांगत फिरायची ते सगळं तिला तोंडपाठ होतं, पण त्यातलं एक वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

“मशीनचं काही नाही,” ज्योत्स्ना म्हणाली. “ते काय घरचं होतं? तू घरची होती.”

“चुकलं माझं,” मोनाली म्हणाली.

“हो,” ज्योत्स्ना म्हणाली, आणि तेवढ्यात आतून हाक आली, “अनोळखी महिला!”

त्वचा विभागाच्या डॉक्टर तस्नीम काझी चिडलेल्याच होत्या; सकाळपासूनची ही त्यांची सातवी अनोळखी व्यक्ती होती. “खरं नाव सांगा, बाई. मी कुठे लिहिणार नाही. पण नाव माहीत असल्याशिवाय मी कोणाच्या अंगाला हात लावत नाही.”

“ज्योत्स्ना मोहुर्ले.”

मोनालीने सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता कापसाची बारीक वात वळत होत्या. “डोळे मिटा, ज्योत्स्नाताई. कापूस लागला की तिथे बोट ठेवा.”

त्यांनी गालावरच्या गाठीला वात टेकवली. ज्योत्स्नाचं बोट नेमकं तिथे गेलं. मग दुसऱ्या गाठीवर, मग नाकावर. बोट एकदाही चुकलं नाही. डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली, कानामागची, गुडघ्याच्या बाजूची. एकही जाड झालेली नव्हती.

“कुष्ठरोगात बहुतेक वेळा चट्टा बधिर होतो, मज्जातंतूंच्या शिरा सुजतात,” त्या मोनालीला म्हणाल्या. “हे तुम्हाला शिकवलं होतं ना?”

“पूर्वीच्या प्रशिक्षणात होतं,” मोनाली म्हणाली. “यंत्र आल्यावर तो भाग काढला. म्हणाले, वेळ जातो.”

डॉक्टरांनी काचेची पट्टी गाठीवर दाबली. वरची लाली ओसरली आणि काचेखाली पिवळसर तपकिरी ठिपके उरले. “अंगावर जुना व्रण आहे का कुठे? फार जुना?”

ज्योत्स्नाने साडी गुडघ्यापर्यंत घेतली. शाळेत असताना सायकलवरून पडल्याची खूण होती. पस्तीस वर्षं पांढरी, सपाट असलेली ती खूण आता लाल होऊन दोरखंडासारखी फुगली होती. “दोन वर्षं झाली असं होऊन,” ती म्हणाली. “कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

डॉक्टर काझी मागे टेकून बसल्या. “हा सार्कॉइडोसिस असावा. खात्री तुकडा तपासल्यावरच.”

आणि मग त्यांनी समजावलं, घाई असूनही नीट. शरीरात नको असलेलं काही शिरलं आणि मारता आलं नाही, तर संरक्षक पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन वेढा घालतात. त्या वेढ्याची गाठ बनते. कुष्ठरोगात आणि क्षयात वेढ्याच्या आत जंतू असतो. सार्कॉइडोसिसमध्ये वेढा तसाच पडतो, पण आत जंतू सापडत नाही. शरीर कशाला घाबरलं ते नक्की कोणालाच माहीत नाही. हा आजार कातडीवर येतो, जुन्या व्रणात शिरतो, आणि बहुतेकदा फुप्फुसं, डोळे, कधी हृदयही गाठतो. तो कोणाकडून कोणाला होत नाही.

“तुमच्या यंत्राला वेढा दिसतो. आत कोण आहे ते दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “ते अंदाज करतं. आणि तुमच्या भागात अंदाज करायचा तर कुष्ठरोगच.”

पुढचे दहा दिवस तपासण्यांचे होते. गालावरच्या गाठीचा मसुराएवढा तुकडा काढला. त्यात गाठी होत्या, पण कुष्ठाचे नि क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रंगांत एकही जंतू उमटला नाही. जंतूंच्या जनुकांची तपासणीही कोरी आली. क्ष-किरणात दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सुजलेल्या ग्रंथी दिसल्या. रक्तातलं कॅल्शियम थोडं वाढलेलं होतं. हृदयाचा आलेख चांगला होता, आणि तेवढ्यावर दिलीपने फोनवर दोनदा ‘बरं झालं’ म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की डाव्या डोळ्याच्या आत सूज आहे आणि ती बरीच जुनी आहे.

कुष्ठरोगाच्या गोळ्या बंद झाल्या. डोळ्यात थेंब, पोटात स्टिरॉइड, आणि स्टिरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायची दुसरी गोळी. “आठवड्यातून एकदाच,” डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. “ही रोज घेतली तर जिवावर बेतेल. आणि दर महिन्याला रक्त तपासायचं.”

सहा आठवड्यांत नाकाची सूज उतरली. तीन महिन्यांत गालावर फक्त डाग राहिले. उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्याने मात्र ज्योत्स्नाला माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. दोन महिने आधी आली असती तर वाचला असता, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही विचारल्यावर. विचारलं मोनालीने होतं. ज्योत्स्नाने विचारलं नव्हतं.

अहवाल घेऊन मोनाली पुन्हा बारसागडेसमोर बसली.

“हे अनोळखी महिलेच्या नावावर आहे,” तो म्हणाला.

“तीच ही आहे.”

“प्रणालीला कसं कळेल?”

“सर,” मोनाली म्हणाली, “मी आता इथून उठणार नाही. तुम्ही जेवायला जा, घरी जा. मी इथेच बसते.”

ती बसली. बारसागडे जेवायला गेला नाही. दुपारी तीनच्या सुमारास त्याने यंत्राच्या कंपनीला फोन लावला आणि आवाज खुला ठेवला. तिकडची मुलगी अगदी नम्रपणे बोलत होती. तिने ज्योत्स्नाची पहिली तपासणी उघडली आणि सांगितलं, की यंत्राचं मूळ उत्तर ‘गाठी आहेत, ओळख अनिश्चित’ असं होतं. पण कार्यक्रमाच्या यादीत सेहेचाळीस आजार आहेत, आणि उत्तर त्यातलंच द्यावं लागतं. म्हणून सर्वांत जवळचा आजार निवडला गेला.

“आणि हा आजार यादीत का नाही?” मोनालीने विचारलं.

“तुमच्या विभागात त्याचे रुग्ण नाहीत, मॅडम.”

“नाहीत कसे? असतील त्यांना तुम्ही कुष्ठरोगात टाकून राहिले.”

तिकडून कळा दाबल्याचा आवाज आला. “वीस सिद्ध रुग्णांची नोंद झाली की यादीत भर घालता येते,” ती मुलगी म्हणाली. तिला खरंच मदत करायची होती असं वाटलं. “सध्या शून्य आहेत.”

फोन ठेवल्यावर बारसागडे बराच वेळ टेबलावर बोटं आपटत होता. “यंत्राच्या आधीपासून, एकोणीस वर्षं मी ‘अनियमित’ माणसांना समज देऊन राहिलो,” तो शेवटी म्हणाला. मग त्याने तालुक्यातल्या सगळ्या अनियमित रुग्णांची यादी छापली, चौतीस नावं, आणि कागद टेबलाच्या कडेला ठेवून खिडकीबाहेर पाहू लागला. “हे मी तुम्हाला दिलं नाही.”

ज्योत्स्नाला शाळेत परत घेतलं नाही. तिथे दुसरी बाई लागली होती, आणि तिचा काही दोष नव्हता. म्हणून मोनाली कागद घेऊन निघाली तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली, “मी येते. घरी बसून काय करू?” तिचं ताट अजून वेगळंच होतं. इरा मात्र दोन्ही ताटांत जेवायची, आणि तिला कोणी उठवत नव्हतं.

पहिल्या घरचा माणूस कापूस कुठे लागला ते सांगू शकला नाही. त्याला खरंच कुष्ठरोग होता आणि त्याने खरंच गोळ्या सोडल्या होत्या. दारूसोबत चालत नाहीत म्हणे. ज्योत्स्नाने त्याला असं झापलं की त्याची बायकोच मध्ये पडली. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरीही यंत्र बरोबर होतं. मोनालीला ते बरंही वाटत होतं आणि वैतागही येत होता. एका घरी कुत्रं अंगावर आलं. एका घरी दारच उघडलं नाही.

अकरावं घर नदीपलीकडे होतं. सुलोचना निकुरे, भाताच्या गिरणीत काम करणारी, पस्तिशीची. कपाळावर आणि कानाच्या पाळीवर जांभळट गाठी. दोघींना पाहताच ती कोणी काही विचारायच्या आधी एका दमात म्हणाली, “मी सगळ्या खाल्ल्या जी. पोराची शप्पथ. तुम्ही कितीही वेळा या.”

ज्योत्स्ना तिच्याजवळ खाली बसली. “खाल्ल्या तू,” ती म्हणाली. “रंगावरून दिसते.”

सुलोचनाने आधी मोनालीकडे पाहिलं, मग पुन्हा ज्योत्स्नाकडे. डोळे मिटायला सांगितल्यावर तिने मिटले. कापूस कपाळावर टेकला, तिचं बोट तिथे गेलं. कानावर टेकला, तिथे गेलं. मोनालीने काच दाबून पाहिली आणि कोपरामागची शीर चाचपली. मग पिशवीतून कोरा कागद काढून वर नाव, गाव, वय लिहिलं. तिचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं.

“हे कुष्ठ नसावं,” ती म्हणाली. “नागपूरला दाखवावं लागेल. मग कळेल.”

“तिकडे ऐकतील माझं?” सुलोचनाने विचारलं.

“पहिल्यांदा नाही ऐकत,” ज्योत्स्ना म्हणाली. “आपण दुसऱ्यांदा जाऊ.”